टिंबताईंचं शुद्धिपत्र

छापखान्यात त्यांना टिंबताई म्हणत, आणि हे नाव काही कुणी लाडानं ठेवलेलं नव्हतं. टिंब राहिलं की त्या भांडत, नको तिथे पडलं की भांडत, आणि पानावर दिसतंय ते टिंब आहे की माशीची करामत आहे असा संशय आला तर भिंग घेऊन खिडकीशी जात आणि निकाल लागेपर्यंत पान जागचं हलू देत नसत. यंत्रावरची माणसं हात चोळत उभी राहत. कुणी "ताई, जरा लवकर" म्हणालं की त्या भिंगातूनच त्याच्याकडे बघत. तो मोठा झालेला एक डोळा पाहिला की पुढचं बोलणं आपोआप गिळलं जाई.

वय बावन्न. शिक्षण म्हणाल तर शालान्त परीक्षेपर्यंत. राहायला भावाकडे, मागच्या बाजूच्या खोलीत. वडील याच छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे छापण्याआधीच्या कच्च्या पानांतल्या चुका शोधायचे. टिंबताईंना सतरावं लागलं तेव्हा त्यांनी लेकीला समोरच्या खुर्चीत आणून बसवलं : तू मूळ मजकूर मोठ्यानं वाच, मी पान बघतो. नेमका त्याच वर्षी तिथे इंग्रजीचा एक उच्चारकोश छपाईला आला होता. त्यात प्रत्येक शब्दाचे तुकडे पाडून मध्ये टिंब दिलेलं असे, आणि बोलताना ज्या तुकड्यावर जोर द्यायचा त्याच्या आधी, वरच्या अंगाला, एक बारीकशी उभी रेघ. असे चाळीस हजार शब्द, आणि प्रत्येक शब्द तीन-तीन वेळा. काम तीन वर्षं चाललं. वडिलांची शिस्त अशी की शब्द तोंडानं म्हटल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. सकाळी रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की ते दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून थांबत.

"ऐकलंस? अंडरस्टँड. जोर कुठे आला? शेवटी. आणि अंडरवेअरमध्ये? सुरुवातीला. दोघांत अंडर आहे म्हणून फसायचं नाही."

बातम्यांत अंडरवेअर कधी म्हणजे कधी आलं नाही, पण वडिलांनी ते उदाहरण शेवटपर्यंत सोडलं नाही.

यामुळे टिंबताईंची मोठी चमत्कारिक अवस्था झाली होती. परक्या माणसाशी इंग्रजीत चार वाक्यं बोलायची वेळ आली तर त्यांना दरदरून घाम फुटे. पण कुठलाही इंग्रजी शब्द कुठे तुटतो आणि आवाज कुठे चढतो, हे त्या भाजी निवडता निवडता सांगत. अर्थात घरात हे त्यांना विचारतंय कोण!

एका सोमवारी मालकांनी त्यांच्या टेबलावर एक जाड पाकीट टाकलं. 'इंग्रजी उच्चारमाला, इयत्ता पाचवी.' लेखक म्हणजे साक्षात सर. या सरांनी पन्नास वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, त्यांची पुस्तकं शाळाशाळांतून चालत, आणि मालक त्यांचं नाव घेताना खुर्चीत उगाच सावरून बसत. पुस्तकात तीन हजार शब्द होते, तेही बहुतेक जोडशब्द, म्हणजे दोन शब्दांची गाठ मारून झालेले. प्रत्येकाला टिंबं आणि रेघा. टिंबताई खूश झाल्या. इतक्या वर्षांनी आपल्या जोगतं काम आलं, म्हणून त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं आणि सुरुवात केली.

अकराव्या पानावर पॉटहोल होता. रस्त्यातला खड्डा. टिंब पडलं होतं 'पो' नंतर, आणि पुढे 'थोल'. पो-थोल.

कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या ऑपरेटरचा हात घसरला असेल म्हणून त्यांनी मूळ प्रत पाहिली. मूळ प्रतीतही पो-थोल. बाराव्या पानावर लाइटहाउसचं लाय-थाउस झालेलं. तेराव्यावर चढाचा रस्ता, अपहिल, तो अ-फिल होऊन बसला होता, एखाद्या औषधाच्या गोळीसारखा. आणि ग्रासहॉपर, म्हणजे आपला नाकतोडा, त्याचं ग्रास-शॉपर करून ठेवलं होतं. नाकतोडा पिशवी घेऊन गवत विकत आणायला निघाला होता जणू!

रेघांची तऱ्हा तर त्याहून वाईट. प्रत्येक जोडशब्दात रेघ पहिल्या तुकड्यावर. आफ्टरनूनमध्ये 'आफ्'वर. डाउनस्टेअर्समध्ये 'डाउन'वर. हिमसेल्फमध्ये 'हिम'वर. जिथे आवाज शेवटी चढायचा तिथे सगळीकडे तो सुरुवातीलाच आपटला होता.

टिंबताई पानं घेऊन मालकांच्या खोलीत गेल्या.

"हे सगळं चुकलंय."

मालकांनी पानांकडे न बघता विचारलं, "मूळ प्रतीशी जुळतंय ना?"

"जुळतंय. मूळ प्रतच चुकलीय."

"टिंबताई," मालक हळू आवाजात म्हणाले, "सर आहेत ते. पन्नास वर्षं इंग्रजी शिकवलंय त्यांनी. आणि तुम्ही..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. ते काही फार मोठं नव्हतं, त्यामुळे टिंबताईंनी मनातल्या मनात पुरं केलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जागेवर येऊन त्यांनी समासात प्रश्नचिन्हं करायला घेतली. एकूण त्रेसष्ट झाली. पानं सरांच्या घरी गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. प्रत्येक प्रश्नचिन्ह खोडलेलं, आणि बाजूला सुबक अक्षरात लिहिलेलं : नियमानुसार बरोबर. त्रेसष्ट वेळा नियमानुसार बरोबर. लिहिणाऱ्याचा हातही दुखला नाही!

मग काय, 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले' असा शिक्का असतो, तो त्यांनी मारला. इतक्या जोरात मारला की पलीकडच्या टेबलावरचा चहा हिंदकळला. पुस्तक छापून बाहेर पडलं.

प्रकरण इथे संपलं असतं. पण शाळा सुरू झाल्या आणि टिंबताईंची भाची, भावाची धाकटी मुलगी, नेमकी पाचवीत गेली.

एका संध्याकाळी ती पुस्तक छातीशी धरून त्यांच्या खोलीत आली. "आत्या, ऐक हं. मी सगळं पाठ केलंय." आणि डोळे मिटून तिनं सुरू केलं, "पो-थोल. लाय-थाउस. अ-फिल..."

टिंबताईंना चहाचा ठसका लागला. कप खाली ठेवून त्यांनी भाचीला समोर बसवलं आणि दीड तास एकेक शब्द सुटा करून दाखवला. पॉट म्हणजे भांडं, होल म्हणजे भोक. दोन वेगळी माणसं शेजारी उभी आहेत, त्यांची नावं एकत्र लिहिली म्हणून त्यांचे हातपाय एकमेकांत घालायचे का? पोरगी हुशार, तिला पटलं. "आफ्टरनून" म्हणताना ती शेवटच्या 'नून'वर अशी उडी मारायला शिकली की टिंबताईंना भरून आलं.

पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. भाचीला दहापैकी तीन मिळाले.

घरात दप्तर आपटून ती म्हणाली, "तू मला चुकीचं शिकवलंस! बाई म्हणाल्या, पुस्तकात बघ. सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या!"

"पुस्तक चुकलंय गं."

"पुस्तक कसं चुकेल? तूच म्हणतेस ना, तू तपासल्याशिवाय तिथून कागद बाहेर पडत नाही?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून शांतपणे म्हणाली, "वन्सं, तुमचं बरोबर असेलही. पण मार्क बाई देतात."

भाऊ वर्तमानपत्रामागे होता, तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी टिंबताईंनी अर्धी रजा टाकली आणि शाळा गाठली. दुपारची वेळ. बाईंच्या वर्गाबाहेर त्या उभ्या राहतात न राहतात तोच आतून पन्नास गळ्यांतून एकदम आवाज आला, "गुड आफ्टरनून, बाई!" 'आफ्'वर असा हातोडा पडला की जिन्यातलं कबुतर उडालं. टिंबताईंनी डोळे मिटून घेतले.

बाई तिशीतल्या होत्या, थकलेल्या. ओढणीला खडूची पूड, हातात वह्यांचा गठ्ठा. इंग्रजी, गणित, चित्रकला आणि वर एका रजेवरच्या बाईंचा इतिहास एवढं त्यांच्या गळ्यात होतं. त्या टिंबताईंना व्हरांड्यातल्या बाकावर घेऊन बसल्या.

"हे बघा," टिंबताई म्हणाल्या, "जोडशब्दात जोर पहिल्यावर येतो हे खोटं नाही. डार्करूम घ्या. 'डार्क'वर जोर दिला तर फोटो धुवायची खोली. 'रूम'वर दिला तर नुसती अंधारी खोली. तिथे नियम बरोबर लागतो. पण म्हणून तो आफ्टरनूनलाही लावायचा? हिमसेल्फलाही? तुम्ही स्वतः बोलताना कसं म्हणता?"

बाईंनी ओठांतल्या ओठांत पुटपुटून पाहिलं. काहीतरी त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या जरा अडखळल्या. पण लगेच सावरून म्हणाल्या, "मी कसं का म्हणेना. परीक्षा पुस्तकावर होते. उद्या एखादा पालक पुस्तक घेऊन आला तर मी काय दाखवू? माझं तोंड? पुस्तकावर सरांचं नाव आहे."

"मला माहीत आहे. त्या पुस्तकाची मुद्रितं मीच तपासली आहेत."

बाईंनी वह्यांचा गठ्ठा मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे हे तुम्हीच जाऊ दिलंत?"

टिंबताईंनी तोंड उघडलं. त्रेसष्ट प्रश्नचिन्हं, मालक, शिक्का, सगळं त्यांना एकदम आठवलं. या बाईंना काय सांगायचं? की मी विचारलं होतं? विचारलं होतं आणि मग शिक्काही मारला होता.

त्या तशाच उठल्या आणि चालत घरी आल्या. वाटेत नगरपालिकेनं रस्ता खोदून ठेवला होता. त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांनी मनातून बरोबर टिंब दिलं.

रविवारी सकाळी त्या सरांच्या दारात उभ्या होत्या. पत्ता पाठ होता; इतकी पाकिटं त्यांच्याच हातून गेली होती. दार सरांच्या जावयानं उघडलं. सर त्याच्याचकडे राहत. चाळिशीचा, हसतमुख, कॉम्प्युटरचा जाणकार. आपण छापखान्यातून आलो म्हटल्यावर त्यानं कौतुकानं आत बसवलं.

"सरांना ऐकू येत नाही. कान सहा वर्षांपूर्वी गेले. डोळ्यांचंही ऑपरेशन झालंय, म्हणून आम्ही फार वाचायला देत नाही. पुस्तकाचं काय असेल ते मला सांगा. ते सगळं मीच केलंय."

"तुम्ही म्हणजे?"

"नियम सरांचे. त्यांच्या जुन्या वहीत होते. मी कॉम्प्युटरला शिकवले." त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. "एक, टी आणि एच्, पी आणि एच्, एस् आणि एच् शेजारी आले की ती जोडी तोडायची नाही. दोन, जोडशब्दात जोर पहिल्यावर. तीन हजार शब्द, ताई. चार मिनिटांत!"

"आणि 'नियमानुसार बरोबर'?"

"तेही मीच लिहिलं. हातानं," तो अभिमानानं म्हणाला.

टिंबताईंना त्याच्यावर धड रागावताही येईना. इतका साधा आणि इतका खूश माणूस! त्यांनी कपाळाला हात लावला. "त्या वहीत आणखी काही नव्हतं?"

जावई जरा विचारात पडला. "तिसरी ओळ होती. 'अपवाद पुष्कळ. कान वापरा.' पण ते कॉम्प्युटरला कसं सांगणार?"

आतल्या खोलीत सर खिडकीपाशी बसले होते. शेलाटे, ताठ, अंगावर इस्त्रीचा सदरा. टिंबताईंनी पाया पडल्यासारखं केलं, अकरावं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पेन्सिल पॉटहोलवर टेकवली. सरांनी भिंग घेतलं. मुखपृष्ठ तेवढं त्यांना दाखवलं होतं. आतलं पुस्तक ते पहिल्यांदाच वाचत होते.

"पो," सर खूप मोठ्यानं म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा, कमीजास्त. "पो... थोल?" त्यांनी मान वर केली. "हे काय आहे? कुणाचं नाव आहे का?"

टिंबताईंनी खालचे दोन-चार शब्द दाखवले. ग्रास-शॉपरपाशी सर आले आणि त्यांचा चेहरा लाल होत गेला. भिंग टेबलावर ठेवून त्यांनी जावयाला अशी हाक मारली की समोरच्या घरातल्या दोन खिडक्या उघडल्या. पुढची पाच मिनिटं त्या खोलीत काय काय बोललं गेलं ते सगळं सांगण्यासारखं नाही. जावई बिचारा हातवारे करत होता, सरांना ते दिसत होते पण समजून घ्यायचे नव्हते. शेवटी सर हाश्शहुश्श करत खाली बसले आणि टिंबताईंना म्हणाले, "मी म्हातारा झालो म्हणून माझ्या नावावर काहीही खपवायचं? तू कोण?"

सरांशी बोलायला तिथे एक पाटी ठेवलेली होती, तिच्यावर टिंबताईंनी लिहिलं : छापखान्यात तपासनीस. त्रेसष्ट चुका तेव्हाच विचारल्या होत्या.

सरांनी ते दोनदा वाचलं. "त्रेसष्टच?"

हे मात्र टिंबताईंना झोंबलं.

त्या दिवसापासून पाच रविवार हे काम चाललं. रीत अशी बसली की टिंबताई शब्दावर पेन्सिल ठेवत आणि सर तो मोठ्यानं म्हणत. कान गेले होते, पण तोंड शाबूत होतं. आवाज कधी ओरडल्यासारखा येई, कधी पुटपुटल्यासारखा, पण जोर पडायचा तिथेच पडे. स्वतःचं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं. ते ऐकून रेघ मारायचं काम टिंबताईंचं. आपण नीट ऐकलं की नाही हे ताडायला त्या टेबलावर पेन्सिलीच्या बोथट टोकानं वाजवून दाखवत, हलकं, हलकं, जड. आणि सर टेबलावर पालथा पंजा ठेवून ती ठकठक हातानं ओळखत. चुकलं तर पंजा आपटत. पहिल्या रविवारी पंजा फार आपटला गेला.

भांडणं झाली ती तिसऱ्या रविवारी. शब्द होता आइसक्रीम.

सर म्हणाले, "आइस्क्रीम." जोर पहिल्यावर. मग जरा थांबून म्हणाले, "आइस क्रीम." जोर दुसऱ्यावर.

टिंबताईंनी पाटीवर लिहिलं : कुठलं बरोबर?

"दोन्ही."

पुन्हा पाटी : रेघ कुठे देऊ?

"दे कुठेही."

टिंबताईंनी पेन्सिल खाली ठेवली. कुठेही! आयुष्यात त्यांना कुणी 'दे कुठेही' म्हटलं नव्हतं. त्या पाटीवर इतक्या जोरानं लिहू लागल्या की खडू तुटला : शाळेत पन्नास पोरं आहेत. त्यांना एकच काहीतरी सांगावं लागतं. मार्क असतात.

सर हसायला लागले. "बरं, मग हे ऐक. स्टेशन स्ट्रीट. जोर कुठे?"

टिंबताईंनी वाजवलं. स्टेशनवर.

"बरोबर. आणि स्टेशन रोड?"

त्यांनी तसंच वाजवलं. सरांनी पंजा आपटला. "नाही! रोडवर. स्ट्रीट असेल तर पहिल्यावर, रोड असेल तर दुसऱ्यावर. का? मला विचारू नकोस. फ्रूटकेकमध्ये फ्रूटवर आणि फ्रूट सॅलडमध्ये सॅलडवर. तेही मला विचारू नकोस. मी पन्नास वर्षं विचारत होतो, मला कुणी सांगितलं नाही."

"मग नियम कशाला लिहिलेत!" टिंबताई ओरडल्या. सरांना ऐकू येत नाही हे त्या विसरल्याच होत्या. पण चेहऱ्यावरून सरांना कळलं असावं.

"पोरांना कुठूनतरी सुरुवात करावी लागते म्हणून," ते म्हणाले. "तिसरी ओळही लिहिली होती. ती कुणी वाचत नाही."

जावई दारातून चहा घेऊन येत होता, तो तिथूनच मागे फिरला.

पाचव्या रविवारअखेर चुकलेले दोनशे अठरा शब्द दुरुस्त झाले. सरांनी मालकांना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं : हे दुरुस्त होणार नसेल तर मुखपृष्ठावरून माझं नाव काढावं. मालकांनी पत्र वाचलं, पाणी प्यायलं, पुन्हा वाचलं. मग टिंबताईंना बोलावून म्हणाले, "सरळ मला सांगायचंत ना, इतकं चुकलंय म्हणून."

"सांगितलं होतं."

"तसं नाही. नीट सांगायचं."



सगळं पुस्तक नव्यानं छापायला मालक तयार झाले नाहीत. आठ पानांचं शुद्धिपत्र काढायचं आणि ज्या ज्या शाळेत पुस्तक गेलं तिथे पाठवायचं, असं ठरलं. ते जुळवायला ऑपरेटर बसला तेव्हा टिंबताई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि हलल्याच नाहीत. बरं झालं बसल्या. दुसऱ्याच पानावर ओळ संपता संपता कॉम्प्युटरनं पॉटहोल स्वतःच्या मनानं तोडून अर्धा खाली टाकला, 'पो' वर आणि 'थोल' खाली.

"हे कुणी केलं?"

"आपोआप होतं ताई. ओळीत मावलं नाही की मशीन तोडतं."

"मग त्याला सांगा, तोडू नको."

ऑपरेटरनं एक बटण दाबलं. शब्द मुकाट्यानं अखंड खाली गेला.

टिंबताईंनी बटणाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हे बटण आधीपासून होतं?"

"होतं की."

"वीस वर्षं मी ओळीच्या टोकाचे तुटके शब्द हातानं दुरुस्त करतेय."

"कुणी विचारलं नाही," ऑपरेटर म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

शुद्धिपत्र गेलं. त्याचं काय झालं याच्या बातम्या हळूहळू येत राहिल्या. एका शाळेनं ते काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. दुसरीनं त्याच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर सूचना लिहिल्या. भाचीच्या शाळेत बाईंनी पानं वर्गात वाचून दाखवली आणि तोंडी परीक्षा पुन्हा घेतली. भाचीला दहापैकी आठ मिळाले. दोन कशात गेले हे विचारायला टिंबताई निघाल्या होत्या, पण वहिनीनं "वन्सं, आता पुरे" म्हणून त्यांची पिशवी काढून घेतली. 'गुड आफ्टरनून' मात्र होतं तसंच राहिलं. पन्नास जणांनी एकदम ओरडायचं म्हटल्यावर हातोडा पडणारच, असं भाचीचं म्हणणं होतं.

महिन्याभरानं, टिंबताई एका कॅटलॉगवर मान मोडून बसल्या असताना, टेबलापुढे कुणीतरी येऊन उभं राहिलं. त्यांनी वर पाहिलं. बाई होत्या. हातात शुद्धिपत्र, पाचव्या पानावर लाल पेन्सिलीनं वेटोळं.

"हा ओव्हरफ्लो बघा," बाई म्हणाल्या. "दोन ठिकाणी दिलाय. एकदा टाकीच्या पाइपाचं नाव म्हणून, एकदा भरून वाहणं म्हणून. पाइपाला तुम्ही रेघ शेवटी दिलीय आणि वाहण्याला सुरुवातीला. मी वर्गात तीन वेळा म्हणून बघितलं, जिभेला पटेना. उलट नाही का हवं?"

"उलट कसं असेल? सरांनी स्वतः..." टिंबताईंनी खणातून वही काढली. तिसऱ्या रविवारचं पान. वहीतही तसंच होतं. त्यांनी शब्द एकदा म्हटला, मग दुसऱ्यांदा. कपाटातून वडिलांच्या वेळचा उच्चारकोश काढला, पान उलटलं, भिंग लावलं.

कोशात पाइपाला रेघ सुरुवातीला होती, आणि भरून वाहण्याला पुढे. बाईंचं बरोबर होतं. आइसक्रीमवरून तावातावानं भांडून झाल्यावर लगेचचाच हा शब्द. रागाच्या भरात टिंबताईंनी दोन्ही रेघा अदलाबदल करून ठेवल्या होत्या. स्वतःच्या हातानं, कुणी न सांगता, कुठल्याही कॉम्प्युटरशिवाय.

त्यांना इतका संताप आला की क्षणभर कानशिलं गरम झाली. ओरडायचं तर कुणावर? समोर तर कुणी नव्हतं, बाई सोडून, आणि बाईंनी तर फक्त कान वापरले होते.

"चुकलंय," त्या म्हणाल्या. हा शब्द स्वतःबद्दल म्हणायची त्यांना सवय नव्हती. "माझं चुकलंय."

त्या उठून मालकांकडे गेल्या. एका ओळीची चिठ्ठी छापावी लागेल, शुद्धिपत्रातल्या चुकीची, हे त्यांनी एका दमात सांगितलं.

"शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र?" मालकांनी विचारलं. मग चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. टिंबताई उभ्याच होत्या. अखेर तळव्यांमागून आवाज आला, "छापा."

त्या परत आल्या तेव्हा बाई गेल्या नव्हत्या. उलट खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि पर्समधून वहीचा एक घडी केलेला कागद काढत होत्या.

"आता आलेच आहे तर," बाई म्हणाल्या, "आणखी सतरा शब्द आहेत. पुस्तकातही नाहीत आणि शुद्धिपत्रातही नाहीत. पोरं विचारतात आणि मी इकडेतिकडे बघत बसते. यांचं काय करायचं ते मला आत्ताच्या आत्ता सांगा."

टिंबताईंनी कागद घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. सातव्यापाशी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, अकराव्यापाशी आणखी दोन.

"आत्ता नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "यातल्या निम्म्यांची मला खात्री नाही. रविवारी माझ्याबरोबर सरांकडे चला. पाटी त्यांच्याकडे आहे, खडू आपण न्यायचा. आणि त्यांनी 'दोन्ही बरोबर' म्हटलं की भांडायची तयारी ठेवा. मी एकटी कमी पडते."

बाईंनी क्षणभर विचार केला. रविवारी वह्या तपासायच्या होत्या, चार विषयांच्या.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.